सातबारा हाती आला, रान मात्र चिलारीचं

बारामतीहून इंदापूरकडे पालखीच्या रस्त्याने निघालं की काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी ही गावं लागतात. दोन्ही अंगांना ऊस, अधूनमधून डाळिंबाची बाग, निमगावला आलं की पानमळे. वालचंदनगर आणि रत्नपुरीच्या मळ्यांकडे वळलं की चित्र बदलतं. एका बाजूला ठिबकवर टोमॅटो आणि ढोबळी उभी असते आणि बांधाला लागूनच वेडी बाभूळ, म्हणजे इकडची चिलार, माणूस आत शिरणार नाही अशी दाटलेली असते. नवख्याला वाटतं, ही जमीनच नापीक असणार. पण एकेकाळी पुणे जिल्ह्यातला नावाजलेला ऊसमळा इथेच होता. आज जिथे टोमॅटो आहे, तिथेही काही वर्षांपूर्वी हीच चिलार होती. मधल्या काळात काय घडलं, त्याची ही हकिगत.

वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या शिवारात, नीरेच्या काठी, ऊस आणि साखरेचा कारभार उभा केला तो १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला. कारखान्याला सलग रान हवं होतं आणि शेतकऱ्यांकडे बेभरवशाच्या पावसावरचे तुकडे होते. पणजोबा-आजोबांनी ते तुकडे खंडाने देऊन टाकले. बांध मोडले, चाऱ्या आखल्या गेल्या, अनेक मालकांच्या पट्ट्यांचा मिळून एक मळा झाला. मग १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला. खासगी साखर कारखान्यांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि त्या कसण्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. इंदापुरातले वालचंदनगर आणि रत्नपुरी, शेजारी माळशिरसातलं सदाशिवनगर, फलटणची साखरवाडी, नगर जिल्ह्यातले हरेगाव, टिळकनगर, चांगदेवनगर हे सगळे मळे महामंडळाचे झाले.

कायद्याचा हेतू मोठ्या धारणेला मर्यादा घालण्याचा होता आणि तो योग्यच होता. पण ज्याची मुळात चार-पाच एकरच होती, त्याचीही जमीन या फेऱ्यात गेली, कारण ती त्या वेळी कारखान्याच्या ताब्यात होती. या अन्यायाविरुद्ध जमिनी खंडाने दिलेले हे खंडकरी शेतकरी कित्येक दशकं झगडत राहिले. कॉम्रेड माधवराव गायकवाडांसारख्या नेत्याने आयुष्याचा मोठा भाग या एका प्रश्नाला दिला. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि २०१२ साली प्रत्यक्ष वाटप सुरू झालं. ज्याने जमीन खंडाने दिली तो बहुतेक घरांत तोवर हयात नव्हता. मोजणीला उभे राहिले ते मुलगे, नातू, पणतू, आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुली.

दरम्यान महामंडळाची शेती खालावत गेली होती. जुने कामगार निवृत्त झाले, नवी भरती झाली नाही, काही जमिनी निविदा काढून संयुक्त शेतीसाठी दिल्या गेल्या, काही नुसत्याच पडल्या. पडलेल्या जमिनीत चिलार शिरली. त्यामुळे वाटपात अनेकांच्या हाती सातबारा आला तो काट्यांच्या जंगलाचा.

चिलार मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणली गेली. जळण मिळावं, उजाड रान झाकलं जावं, हा त्यामागचा विचार. तिच्या पिवळ्या गोड शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात, पण कठीण कवचाचं बी त्यांच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि लेंडीसोबत आयतं खत घेऊन रुजतं. म्हणून मेंढ्या बसलेल्या पड रानात दोन पावसाळ्यांत चिलारीची रोपं दिसू लागतात. मुळं खोल जातात, त्यामुळे दुष्काळ तिला जाणवत नाही. आणि बुंध्याशी तोडली की ती दुप्पट जोमाने फुटते.

हे फुटणं जवळून पाहण्यासारखं आहे. कुऱ्हाडीने जमिनीलगत तोडलेल्या बुंध्याभोवतीची माती खुरप्याने सारली की खाली खोडाचा फुगलेला गड्डा दिसतो. साल खरबरीत, जागोजागी गाठी. प्रत्येक गाठीवर डोळा असतो, तांबूस, टोकदार, ज्वारीच्या दाण्याएवढा. खोड तुटलं की हे डोळे जागे होतात आणि एका खोडाच्या जागी दहा-बारा फोक उभे राहतात. हा गड्डा जमिनीखाली साधारण फूटभर असतो. त्याच्या खाली निव्वळ मूळ असतं आणि तिथून सहसा फूट येत नाही. म्हणजे तोडायची ती गड्ड्याच्या खाली, वर तोडून उपयोग नाही. ज्यांनी घाईघाईने वरून तोडून, पेटवून, रोटाव्हेटर फिरवला त्यांना पुढच्या आषाढात तेच जंगल पुन्हा दिसलं. ज्यांनी जेसीबी किंवा पोकलेनने गड्ड्यासकट बुंधा उपटून, मुळं वर करून उन्हात टाकला, त्यांची सुटका झाली. यंत्राचं भाडं तासावर चढतं, म्हणून बऱ्याच जणांनी आधी झाडं कोळशासाठी देऊन टाकली. रायगडकडून येणारी कातकरी कुटुंबं पुणे-सोलापूर पट्ट्यात चिलार तोडून कोळसा पाडतात. रान मोकळं झाल्याचा आनंद सांगताना काट्यांत दिवसचे दिवस राबलेल्या या माणसांचा उल्लेख कोणी करत नाही. तो व्हायला हवा.

चिलार गेली की हरळी, कुंदा आणि लव्हाळा उरतात, आणि त्यांच्याशी यंत्राने लढता येत नाही. रोटाव्हेटर हरळीच्या काशांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. उपाय जुनाच आहे. चैत्र-वैशाखात खोल नांगरट करायची, ढेकळं उलटी पडू द्यायची, ऊन खाऊ द्यायचं आणि मग पाळी घालून काशा वेचायच्या. लव्हाळ्याच्या गाठी त्याहून चिवट. त्या एका उन्हाळ्यात संपत नाहीत. पहिलं वर्ष खुरपणीतच जातं आणि खुरपणारे हात बायकांचे असतात. आईचे, सुनेचे, नाहीतर रोजाने आलेल्या शेजारणीचे. पड जमीन कोणी उठवली असं विचारलं की लोक पोकलेनच्या मालकाचं नाव घेतात. माझ्या मते ती खुरप्याने उठते. यंत्राचं काम काही दिवसांत आटोपतं, खुरप्याचं दोन-तीन वर्षं चालतं.

या टप्प्यावर काय लावायचं, हा खरा प्रश्न. जाणती माणसं पहिल्या पावसात ताग किंवा धैंचा पेरतात आणि फुलावर येताच नांगरून गाडतात. त्यानंतर भाजीपाला. गवार, भेंडी, मेथी, कोथिंबीर, थोडी वांगी, जिथे पाण्याची खात्री तिथे मिरची आणि टोमॅटो. फळबाग लगेच लावायची नाही. दीड-दोन महिन्यांत हाती येणारी भाजी बारामती किंवा इंदापूरच्या बाजारात नेऊन रोखीचे पैसे येतात, हे एक कारण. त्याहून मोठं कारण असं की भाजी जमिनीची परीक्षा घेते. मेथीच्या वाफ्यात एखाद्या कोपऱ्यात उगवण विरळ झाली, घेवड्याच्या पानांच्या कडा करपल्या, कांद्याची पात जागच्या जागी थांबली, की त्या कोपऱ्यात काहीतरी बिघाड आहे हे त्याच हंगामात कळतं. डाळिंब तिथे लावलं असतं तर हे कळायला तीन वर्षं गेली असती आणि तोवर रोपं, खड्डे, ठिबक, खत असा सगळा खर्च मातीत गेला असता.

बिघाड बहुतेक वेळा क्षारांचा असतो. माघ-फाल्गुनात सकाळी रानात उभं राहिलं तर तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. सरीच्या वरंब्यावर पांढरा पापुद्रा येतो, बोटाने उचलला की भुगा होतो. काही ठिकाणी पांढरं काही दिसत नाही. माती काळीभोर, चिकट असते, पाणी दिलं तर दोन दिवस तसंच साचून राहतं, सुकलं की दगडासारखी भेगाळते. ती चोपण. पहिलीत विरघळणारे क्षार जास्त असतात, दुसरीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं. दोन्हींवर औषध वेगळं आहे, म्हणून मातीपरीक्षणाशिवाय पुढे जाऊ नये. त्यासाठी बारामतीत सोय आहे. अप्पासाहेब पवारांनी १९७१ साली उभ्या केलेल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचं कृषी विज्ञान केंद्र शारदानगरला १९९२पासून काम करतं. नमुना मात्र नीट घ्यायला हवा. बांधाजवळचा नको, खताच्या ढिगाजवळचा नको, आणि फळबाग लावायची असेल तर नुसता वरच्या थराचा नको. खाली काय आहे हे थराथराने पाहावं लागतं.

क्षारांचं हे दुखणं शंभर वर्षांहून जुनं आहे आणि ते पाण्यासोबतच आलं. १८७६-७७च्या दुष्काळाने या भागाची दैना केली आणि त्यानंतर दुष्काळनिवारणाचं काम म्हणून नीरा डावा कालवा झाला. १८८५ साली पाणी सुटलं आणि पुरंदर, बारामती, इंदापूरच्या कोरड्या शिवारांत ऊस उभा राहिला. दुष्काळाची भीती घालवणारा हा कालवा या भागाच्या भरभराटीचा पाया आहे, त्याबद्दल वादच नाही. पण खोल काळ्या जमिनीत भरपूर पाणी गेलं आणि त्याला बाहेर पडायला वाट राहिली नाही. भूजल वर चढलं, पाण्यासोबत क्षार वर आले, पाणी उन्हाने उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. पंचवीस वर्षांत हा प्रकार इतका वाढला की पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर स्वतंत्र अभ्यास केला. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने तो १९१० साली प्रसिद्ध केला. पुढे पाटबंधारे खात्यातले क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवरच्या या जमिनींचा पिच्छा पुरवला. चर कुठे खोदावा, किती खोल, कोणत्या थराला भिडवावा, हे प्रत्यक्ष जमिनीवर तपासलं. इंग्लिस आणि गोखले यांचा या विषयावरचा अहवाल १९२८चा. म्हणजे क्षारपड जमीन सुधारण्याचं जे शास्त्र या देशात घडलं, त्यात नीरेच्या काठच्या या मातीचा वाटा मोठा आहे. बारामती-इंदापूरच्या शाळांत हे शिकवायला हवं, असं मला फार वाटतं.

त्या अभ्यासांतलं मर्म आजही तेच आहे. चोपण जमिनीला जिप्सम देतात, कारण त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमला बाजूला सारून त्याची जागा घेतं. सुटलेलं सोडियम पाण्यासोबत खाली आणि तिथून रानाबाहेर जायला हवं. ते जायला वाटच नसेल तर जिप्समच्या गोण्या कितीही टाका, सोडियम तिथेच फिरत राहतं. म्हणून आधी चर, मग जिप्सम, मग भरपूर गोडं पाणी, मग धैंचा, आणि त्यानंतर पीक. उघडा चर जमीन खातो, म्हणून आता सच्छिद्र पाइप जमिनीखाली पुरून निचरा करतात. अडचण तंत्राची उरलेली नाही. एकाच्या रानातलं पाणी शेवटी दुसऱ्याच्या बांधावरून ओढ्याला जातं. खालचा शेतकरी वाट देत नसेल, किंवा ओढाच बुजवून कोणी ऊस लावला असेल, तर वरच्याने पुरलेले पाइप भरून राहतात. एकत्र मळा होता तेव्हा चाऱ्या आणि चर एका हाताने राखले जात. मळा वाटला गेला तेव्हा जमीन वाटली गेली, चर कोणाच्याच वाट्याला आला नाही. अनेक ठिकाणी तो आता बुजला आहे.

कालव्यापासून दूर, माळावर गेलं तर गोष्ट उलटी होते. तिथे पाणी साचायला मातीच नाही. वीतभर मुरूम, खाली काळा दगड, आणि वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला अशाच उघड्या माळावर २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेची पायाभरणी झाली. दुष्काळ, क्षार, उष्णता असे ताण सोसणाऱ्या शेतीचं संशोधन करणाऱ्या या संस्थेला पहिली कसोटी स्वतःच्या जागेचीच द्यावी लागली. जड यंत्रांनी दगड-मुरूम फोडला, उकरला, कुठे सुरुंग लावून खड्डे आणि चर काढले, मुरमात काळी माती मिसळून भरली आणि त्यात डाळिंब, पेरू, चिकू लावून मुळं कुठवर जातात याची मोजदाद ठेवली. सगळा खड्डा काळ्या मातीने भरण्यापेक्षा मुरूम आणि माती मिसळून भरावी, हा सल्ला शेतकऱ्याला त्यामुळे पुराव्यासह देता येतो. नुसती काळी माती दगडाच्या खड्ड्यात पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. मुरमाने निचरा होतो. अलीकडे त्याच संस्थेने ड्रॅगन फ्रूटवर भर दिला आहे. इंदापूरच्या माळरानांवरही सिमेंटच्या खांबांभोवती लटकलेली ती हिरवी काटेरी खोडं दिसू लागली आहेत. चिलारीचे काटे उपटलेल्या जागी हे काटे मुद्दाम लावताना जुन्या माणसांना नवल वाटतं खरं, पण कमी पाण्यात तग धरणारं ते फळ आहे.

फळझाडाला माती आणि पाणी यांच्याइतकीच आणखी एक गोष्ट लागते. लावणाऱ्याला खात्री हवी की पाच वर्षांनी ही जमीन आपलीच असेल. खंडाने केलेल्या रानात कोणी चिकू लावत नाही, हंगामी पीक घेतो आणि निघतो. महामंडळाची जमीन करारावर घेणारा तरी जिप्सम, चर, शेणखत यांवर का खर्च करेल? त्याचा फायदा हाती यायच्या आत करार संपतो. परत मिळालेल्या जमिनींचंही सुरुवातीला काहीसं असंच झालं. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा होता. असा शेरा असला की विकायला परवानगी, तारण ठेवायला अडचण, बँकेच्या दारात हेलपाटे. ठिबकचा संच, विहीर, शेततळ्याचा प्लास्टिक कागद या सगळ्याला कर्ज लागतं. शेरा काढून वर्ग १ करावा ही मागणी पुढे वर्षानुवर्षं चालली आणि अखेरीस सरकारने ती मान्य केली. चिलार काढलेल्या रानात कोणी भाजीवर थांबलं आणि कोणी बाग लावली, यामागे मेहनतीच्या फरकाइतकाच या शेऱ्याचाही हात आहे, हे मी ठामपणे म्हणेन.

महाराष्ट्रात फळबागा वाढल्या त्याचं एक मोठं कारणही असंच व्यवहारी आहे. १९९०च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. खड्डे, रोपं, मजुरी यांचा भार सरकारने उचलला आणि ज्याच्याकडे पहिली तीन वर्षं थांबायची ऐपत नव्हती त्यालाही झाड लावता आलं. आज त्याच वाटेवर भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची योजना आहे.

इंदापूरने डाळिंब निवडलं. कमी पाणी, हलकी जमीन, थोडेफार क्षार हे सगळं ते सोसतं. डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड बागेत आळंदीच्या डाळिंबातून निवडलेला ‘गणेश’ आधी पसरला, नंतर गडद लाल ‘भगवा’ने बाजार जिंकला. डाळिंबाला बहार धरण्याचं कसब मात्र शेतकऱ्याचंच. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं पिवळी पडू द्यायची, पानगळ झाली की हलकी छाटणी, खत आणि मग पहिलं पाणी. हलक्या रानात ताण लवकर बसतो, काळ्यात उशिरा. दिवस मोजून हे जमत नाही, पान हातात घेऊन पाहावं लागतं. हस्त बहार धरणाऱ्यांच्या बागा दिवाळीच्या दिवसांत कळी-फुलावर असतात आणि सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं. परतीचा पाऊस लांबला की तेल्या हा जिवाणूचा रोग येतो. पानावर तेलकट ठिपका, फळावर काळा डाग, मग तडा. या जिवाणूने आणि मर रोगाने कित्येकांनी बागा उपटल्या. त्यांतले काही पेरूकडे वळले, काही सीताफळाकडे, आणि बरेच जण उसाकडे.

उसाकडे वळणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याला कारखाना ठरलेला आहे, तोड ठरलेली आहे, रोगाची धास्ती कमी आहे. तरी इथे स्पष्ट बोलायला हवं. नव्याने उठवलेल्या काळ्या जमिनीत मोकाट पाण्यावर ऊस लावणं म्हणजे मान आणि तम्हाणे यांनी १९१०मध्ये जे पाहिलं ते पुन्हा घडवून आणणं आहे. ऊस लावायचाच असेल तर ठिबकवर लावावा, अधूनमधून धैंचा गाडावा, आणि रानाचा एक तुकडा तरी भाजीला ठेवावा. क्षार वर येऊ लागले की उसाच्या आधी मेथी आणि घेवडा ते सांगतील.

अजून काही वाटप बाकी आहे. ज्यांची जमीन एक एकरापेक्षा कमी होती असे खंडकरी सुरुवातीला बाजूला राहिले. महामंडळाच्या जुन्या कामगारांची घरासाठी दोन गुंठ्यांची मागणीही जुनीच आहे. या लोकांसाठी मोजणी होईल तेव्हा नकाशावर आधी चर, ओढा आणि पाणंद यांच्या रेघा ओढाव्यात, त्या सामाईक म्हणून नोंदवाव्यात आणि उरलेल्यात गट पाडावेत. अर्ध्या एकरवाल्याला बाजूच्याच्या बांधावरून पाइप न्यायला परवानगी मागत फिरायला लावू नये. ज्यांना आधीच जमीन मिळाली आहे त्यांच्या मळ्यांतले बुजलेले चरही याच निमित्ताने मोजून मोकळे करावेत. जुन्या मळ्यांचे चारी-चरांचे नकाशे जिथे असतील तिथून ते काढून गावाच्या चावडीत लावावेत, म्हणजे आपल्या रानाखालून पाण्याची वाट कुठून जात होती हे खंडकऱ्याच्या नातवाला पाहता येईल.